कार्यालयातील परवाना राज: स्वतंत्रतावादी माणसाने बोट कोणाकडे दाखवावे?

निफाडकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गेल्या महिन्यात दोन फाइलींतील फरक दाखवणारे एक छोटे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर मला लॅपटॉपवर हवे होते. ॲडमिन राइट्स (लॅपटॉपवर स्वतः सॉफ्टवेअर बसवण्याचे अधिकार) नसल्याने तिकीट टाकले, म्हणजे आय.टी. विभागाकडे मागणी नोंदवली. त्याला प्रथम माझ्या व्यवस्थापकाची मंजुरी लागली, मग माहिती सुरक्षा विभागाची, मग सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळणाऱ्या एका समितीची. आणि अकराव्या दिवशी ‘व्यावसायिक गरज स्पष्ट करा’ असा शेरा घेऊन ते माझ्याकडे परत आले. त्याच आठवड्यात मनुष्यबळ विभागाचे पत्र आले की, हजेरीचे ॲप प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवर घ्यावे, रोज सकाळी त्यातून सेल्फी काढावा आणि लोकेशन दिवसभर चालू ठेवावे.

आमच्या घरी स्वतंत्रतावाद (माणसाच्या व्यवहारात सरकारने कमीत कमी हात घालावा, हा विचार) पुस्तकांतून आला नाही, कांद्यातून आला. वडिलांच्या सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असे आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा मी बाराखडीच्या आधी शिकलो. सरकारने बाजारात हात घातला की कोणाचे तरी वाटोळे होते, हे आम्हांला लासलगावच्या बाजार समितीत उभे राहून कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर बापलेकांना एकाच महिन्यात प्रचीती आली. ३ तारखेला केंद्राने लॅपटॉप आणि तत्सम संगणकांच्या आयातीला परवाना लागेल असे जाहीर केले (दुसऱ्याच दिवशी ते लांबणीवर टाकावे लागले, ती गोष्ट वेगळी), आणि १९ तारखेला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. वडील पिकवतात तो माल बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि मुलगा ज्यावर पोट भरतो ते यंत्र आत येऊ द्यायचे नाही, असा हा एकूण बेत होता.

आता प्रश्न. सरकारी परवान्याविरुद्ध मी तावातावाने बोलतो, मग कंपनीच्या परवान्यापुढे मुकाट मान का तुकवतो? लॅपटॉप कंपनीचा आहे, तेव्हा नियमही तिचे, हे मला मान्य आहे. परंतु मोबाइल माझा आहे. आणि दुसरे असे की, हे नियम खरोखर कंपनीचे आहेत, की कंपनीच्या तोंडून सरकारच बोलत आहे?

---

आगाऊ_कार्टे | सोमवार, रात्री ९.५२

अकराव्या दिवशी उत्तर आले म्हणजे आपली कंपनी भलतीच तत्पर दिसते. आमच्याकडे नवा माउस मंजूर होऊन येतो तेव्हा मागणारा राजीनामा देऊन गेलेला असतो आणि तो माउस त्याच्या जागी आलेल्या माणसाला स्वागतभेट म्हणून मिळतो.

---

सर्व्हरवाला | सोमवार, रात्री ११.१५

निफाडकर, तुमचे तिकीट अडवणारा मीच आहे असे समजा. मी वीस वर्षे कंपन्यांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो आहे, त्यामुळे कुंपणाच्या या बाजूने थोडे सांगतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने (सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) काढलेले आदेश मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवले आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. सर्व यंत्रणांचे लॉग, म्हणजे कोणी कधी काय केले याच्या नोंदी, १८० दिवस सांभाळायचे. आणि संगणकांची घड्याळेसुद्धा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवायची. व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ओळख झाकणारी खासगी वाट) सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि आयपी क्रमांक पाच वर्षे जपून ठेवावेत असेही त्यात होते, आणि म्हणून काही नामांकित परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी २०२२ च्या जूनमध्ये भारतातले आपले सर्व्हर काढून नेले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ते कलम लागू नाही, हा खुलासा नंतर आला; तोपर्यंत आमच्या व्यवस्थापनाने तीन बैठका आणि एक सल्लागार खर्ची घातला होता. परदेशी ग्राहकांच्या करारांतील सुरक्षा-अटी वेगळ्याच, आणि त्या तपासायला दरवर्षी लेखापरीक्षक येतो तो वेगळा. त्याने ‘कोणाकोणाला ॲडमिन राइट्स आहेत?’ असे विचारले की यादी जितकी छोटी, तितका माझा दिवस बरा जातो.

घड्याळाच्या कलमावर मात्र हसू नका. आमचे दोन सर्व्हर एकमेकांपासून सात मिनिटे पुढेमागे चालत होते आणि एका घुसखोरीचा माग काढताना ‘आधी काय घडले’ हे ठरवण्यातच माझे दोन दिवस गेले होते. ते मी सरकारने सांगण्याच्या आधीच करायला हवे होते.

आता माझी बाजू. पूर्वीच्या नोकरीत सगळ्यांना ॲडमिन राइट्स होते. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी हिशेब विभागातील एका सज्जन गृहस्थांनी बिल समजून एक फाइल उघडली. मी घरी फराळाचे ताट घेऊन बसतो तोच फोन आला की, सगळ्या फाइलींची नावे बदलली आहेत आणि प्रत्येक फोल्डरात खंडणीची एक चिठ्ठी आहे. बॅकअपची डिस्क होती, पण ती त्याच यंत्राला कायमची जोडलेली असल्याने तिच्यातल्या फाइलींचेही तेच झाले. अकरा वर्षांचा हिशेब आम्ही छापील कागदांवरून पुन्हा भरला. त्या गृहस्थांच्या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी एकट्यांनी मोजली नाही, सबंध कार्यालयाने मोजली. तुम्ही ज्याला परवाना म्हणता त्याला मी बांध म्हणतो, आणि शेतकऱ्याच्या मुलाला बांधाचे महत्त्व मी सांगायला नको.

---

मृद्गंध | मंगळवार, सकाळी ७.३०

सर्व्हरवाल्यांचा प्रतिसाद आवडला. पण मला मूळ भूमिकेतच एक गोम दिसते. स्वतंत्रतावादी मंडळी म्हणतात की, कंपनी म्हणजे सरकार नव्हे, कारण कंपनी सोडून जाता येते. निफाडकर दादा, जरा सोडून दाखवा बरे. तीन महिन्यांची नोटीस, त्या काळात नवीन कंपनीने ‘तीस दिवसांत या, नाहीतर जागा गेली’ म्हणून लावलेला तगादा, आणि शेवटी रिलीव्हिंग लेटरसाठी घालायच्या खेपा! मी मनुष्यबळ विभागात नऊ वर्षे काढली आहेत आणि ते पत्र रोखून धरणे हे किती जालीम हत्यार आहे, ते मी टेबलाच्या चुकीच्या बाजूने पाहिले आहे. घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाला ‘करार तुम्ही स्वखुशीने केलात’ असे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे आहे.

---

निफाडकर | मंगळवार, सकाळी ८.०५

मृद्गंध ताई, मुद्दा लागला. माझीही नोटीस तीन महिन्यांचीच आहे. तरीही नव्वद दिवसांत निघता येते आणि कधीच निघता येत नाही, यांत मी फरक करतो.

सर्व्हरवाले, बांधाची उपमा मान्य, परंतु बांधावरून जायला वाट असते. ती वाट अकरा दिवसांची का आहे, हे आपण सांगितले नाही.

---

दावापावती | मंगळवार, दुपारी १.२०

व्यवसायाने वकील असल्याने कायद्यापुरते बोलते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले. पण मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध चालतात. खासगी मालकाशी आपले नाते कराराने आणि साध्या कायद्याने ठरते. हा साधा कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा. त्याच्या कलम ७ मध्ये संमतीशिवाय माहिती वापरता येईल अशा कारणांची यादी आहे आणि तीत ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ हे कारण आहे. कंपनीचे नुकसान टाळणे, गोपनीय माहिती बाहेर जाऊ न देणे हे सगळे त्यात बसते. दिवसभराचे लोकेशन त्यात बसते का, यावर न्यायालयात चांगला वाद होऊ शकेल. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि कंपन्यांवरील प्रमुख जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. उल्लंघनाला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. मात्र त्याच कायद्याने केंद्र सरकारला स्वतःच्या संस्थांना सूट देण्याचा अधिकारही ठेवला आहे. या शेवटच्या तरतुदीवर निफाडकरांनी अवश्य वेगळा धागा काढावा.

‘सोडून जाण्या’बद्दल: करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतर ‘स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी अट साधारणपणे टिकत नाही. त्या बाबतीत आपला जुना कायदा चांगलाच स्वतंत्रतावादी आहे. परंतु नोकरीत असतानाचा बाँड टिकू शकतो. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली.

---

आगाऊ_कार्टे | मंगळवार, दुपारी १.२८

म्हणजे लग्नाआधीच्या अटी टिकतात आणि घटस्फोटानंतरच्या टिकत नाहीत, असे समजू का? (हलके घ्या.)

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११.५०

निफाडकरांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्या अनुभवाचे एक ठिगळ जोडतो. मी मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये बारा वर्षे होतो. आमच्यासारख्यांना दूरसंचार विभागाकडे ‘इतर सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करावी लागे आणि कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचे तर अनामत, करार आणि स्वतंत्र परवानगी अशी साखळी होती. आमच्या गटातील एक बाई बाळंतपणानंतर सहा महिने घरून काम मागत होत्या. कंपनी ‘धोरणात बसत नाही’ एवढेच सांगत राहिली. त्यांनी नोकरी सोडली आणि जाताना कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. ते धोरण दिल्लीत लिहिलेले होते, हे आम्हां कोणालाच माहीत नव्हते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि टाळेबंदीच्या आधीच त्या अटी शिथिल झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तर ती चौकटच बव्हंशी मोडीत निघाली. आभाळ काही कोसळले नाही. मग इतकी वर्षे त्या अटी कशासाठी होत्या, हे कोणी मला सांगावे.

---

मृद्गंध | बुधवार, सकाळी ७.१०

रात्रपाळी, तुमचे उदाहरण बिनतोड आहे आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण सरकारने केलेले सगळेच आभाळ कोसळवणारे असते असेही नाही. यूपीआयचे काय? भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ज्यावर चालते ती व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने २०१६ मध्ये आणली. ती बाजाराने आपणहून आणली असती का?

---

अर्थाअर्थी | बुधवार, सकाळी १०.४५

यूपीआयचे कौतुक रास्त आहे, परंतु त्यातला एक पदर झाकला जातो. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून यूपीआयचे शुल्क घेता येत नाही, म्हणजे किंमत शून्यावर बांधलेली आहे. बँकांना खर्च येतोच. तो काही अंशी अर्थसंकल्पातील प्रोत्साहन रकमेतून भरला जातो, म्हणजे ज्याने कधी मोबाइलला हात लावला नाही त्याच्याही करातून. व्यवस्था उत्तम आहे. फुकट मात्र नाही.

पण मला मूळ प्रश्नाकडे जायचे आहे, कारण त्यावर अर्थशास्त्रात फार जुने उत्तर आहे. १९३७ मध्ये रोनाल्ड कोझ या तरुण अर्थतज्ज्ञाने असा प्रश्न विचारला की, बाजार इतका कार्यक्षम असेल तर कंपन्या मुळात असतात कशाला? प्रत्येक कामासाठी रोज नवा सौदा का करत नाहीत? त्याचे उत्तर असे की, सौदा शोधायला, ठरवायला आणि पाळून घ्यायलाही खर्च येतो. तो खर्च जिथे हुकमापेक्षा जास्त होतो तिथे लोक कंपनीच्या भिंतीआड येतात आणि हुकमाने काम करतात. म्हणजे प्रत्येक कंपनी ही बाजाराच्या समुद्रातील नियोजित अर्थव्यवस्थेचे एक बेट असते. निफाडकरांना आय.टी. विभागात नियोजन मंडळ दिसले हा भास नाही. ते खरोखरच एक छोटे नियोजन मंडळ आहे. फरक इतकाच की, चुकीचे नियोजन करणारी कंपनी बुडू शकते, आणि ती बुडण्याची भीती तिला थोडीफार शहाणी ठेवते.

तरीही ते मंडळ वाईट निर्णय का घेते, याचे कारण हुकूम देणाऱ्याच्या खतावणीत आहे. सर्व्हरवाल्यांनी परवानगी दिली आणि व्हायरस आला, तर बोलणी त्यांना बसतात. त्यांनी परवानगी नाकारली आणि निफाडकरांचे अकरा दिवस वाया गेले, तर त्या अकरा दिवसांची नोंद कोणाच्याच नावावर पडत नाही. दिल्लीतील परवाना अधिकाऱ्याचेही हेच होते. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसला पुढे एक संगणक आयात करण्यासाठी दिल्लीच्या किती वाऱ्या कराव्या लागल्या, हे नारायण मूर्तींनी अनेकदा सांगितले आहे. त्या वाऱ्यांचा खर्च कोणत्याही मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात दिसला नसेल.

---

सर्व्हरवाला | बुधवार, दुपारी १२.३०

अर्थाअर्थी, आपण माझी वार्षिक मूल्यमापनाची फाइल चोरून वाचली आहे काय? माझ्या पगारवाढीचे निकष दोनच आहेत: किती घटना घडल्या आणि लेखापरीक्षणात किती त्रुटी निघाल्या. तिकिटाला किती दिवस लागले याचा रकाना आहे, पण त्याला गुण नाहीत.

---

पासबुक | बुधवार, सायंकाळी ६.००

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. आपण सगळे तरुण संगणक अडवणारा म्हणून सरकारकडे किंवा व्यवस्थापनाकडे पाहता. आमच्या काळी संगणक अडवण्यात आम्ही कर्मचारीच पुढे होतो. यांत्रिकीकरणावर संघटना आणि बँकांचा करार १९८३ मध्ये झाला. कोणत्या शाखेत कोणते यंत्र बसवायचे हेसुद्धा वाटाघाटींनी ठरे. आमच्या शाखेत पहिले खतावणी यंत्र आले तेव्हा त्याला आम्ही ‘कॉम्प्युटर’ म्हणायचे नाही असे ठरले होते, कारण तो शब्द उच्चारला की सभा घ्यावी लागे! आज मुलगा मोबाइलवरून माझे निवृत्तिवेतन तपासून देतो तेव्हा जुन्या घोषणा आठवून मला ओशाळल्यासारखे होते.

पण एक सांगतो. त्या वाटाघाटींमुळे कोणाची नोकरी गेली नाही आणि यंत्र का आणले जात आहे, हे शिपायापर्यंत सर्वांना समजले. निफाडकरांना हजेरीचे ॲप का आणले, हे कोणी समजावून सांगितले आहे का?

---

ऱ्हाइनकाठ | बुधवार, रात्री ११.३५

पासबुक काकांनी सांगितलेली पद्धत जर्मनीत कायद्यानेच चालते. मी कोलोनजवळ एका यंत्रनिर्मिती कंपनीत आहे. इथे जिथे कर्मचाऱ्यांनी निवडलेले कामगार मंडळ असते तिथे, कर्मचाऱ्याच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असे कोणतेही तांत्रिक साधन मंडळाच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. जगातला पहिला विदा संरक्षण कायदाही इथल्याच हेसेन राज्याने १९७० मध्ये केला. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या नियामकाने एका कपड्यांच्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या आणि घरगुती अडचणींच्या नोंदी ठेवल्याबद्दल सुमारे साडेतीन कोटी युरोंचा दंड केला होता.

निफाडकरांचे हजेरीचे ॲप इथे आलेच नसते. पण त्यांचे फाइल तुलनेचे सॉफ्टवेअरही आले नसते. आमच्याकडे बैठकीच्या नोंदी लिहून देणारे एक साधन गेले चौदा महिने मंडळापुढे चर्चेत आहे. तोवर मी नोंदी वहीत घेतो आणि इथले सहकारी त्या मराठी अक्षरांना कूटलिपी समजतात.

---

कोरडवाहू | गुरुवार, सकाळी ६.२०

मी अकोट तालुक्यातला कापूस उत्पादक आहे, संगणकातला जाणकार नाही. पण हा धागा वाचताना ‘हे तर आमचेच चालले आहे’ असे सारखे वाटत राहिले.

आमच्याकडे तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला मंजुरी नाही. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि पावसाची झड लागली की वाफशाची वाट पाहता पाहता तण कपाशीच्या डोक्यावर जाते. १० जून २०१९ रोजी अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने उघडपणे हे बियाणे पेरून सविनय कायदेभंग केला. पर्यावरण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, हे माहीत असूनही लोक आले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य हा संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचा जुना मुद्दा. जोशी स्वतः टपाल सेवेत अधिकारी होते आणि पुढे बर्नला जागतिक टपाल संघटनेत. सरकारी मक्तेदारी आतून पाहिलेला माणूस नोकरी सोडून १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते.

तर मुद्दा असा. बंदी असली तरी ते बियाणे दर हंगामात मिळते. आम्ही त्याला ‘चोर बीटी’ म्हणतो. पाकिटावर नाव नसते, दुकानदार पावती देत नाही, आणि मागच्या खेपेला माझ्या तीन एकरांपैकी एका एकरात निम्मेही उगवले नाही, तेव्हा मला तक्रार करायला जागा नव्हती. मंजूर बियाणे असते तर पावती दाखवून कृषी अधिकाऱ्याला शेतावर आणले असते. म्हणजे बंदीने बियाणे थांबले नाही. थांबली ती फक्त पावती.

सर्व्हरवाले साहेब, तुमच्या कार्यालयात ‘चोर बीटी’ नाही असे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता का?

---

सर्व्हरवाला | गुरुवार, सकाळी ९.५०

कोरडवाहू साहेब, नाही सांगू शकत. तुमचा प्रतिसाद मी आमच्या विभागप्रमुखांना वाचून दाखवला.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पेनड्राइव्ह बंद केले, मोठ्या फाइली बाहेर पाठवणे बंद केले आणि सॉफ्टवेअर बसवण्याचे अधिकार काढले. तीन महिन्यांनी लॉग चाळताना दिसले की, लोक ग्राहकांच्या फाइली स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवत आहेत, घरच्या संगणकावर काम करून परत आणत आहेत, आणि एका गटाने तर सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर नेला आहे. आमच्या धंद्यात याला ‘शॅडो आय.टी.’ म्हणतात, पण ‘चोर बीटी’ हा शब्द त्याहून नेमका आहे. पूर्वी जे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते ते आता माझ्या पाठीमागे घडत होते, आणि मी दर महिन्याला ‘पेनड्राइव्हचा वापर शून्य’ असा अहवाल अभिमानाने वर पाठवत होतो.

शेवटी आम्ही साठेक सॉफ्टवेअर तपासून एका यादीत टाकली. त्यांतले काहीही कर्मचारी स्वतः, तिकिटाशिवाय बसवू शकतो. यादीबाहेरचे हवे असेल तरच तिकीट. तिकिटांची संख्या निम्म्याहून खाली आली. ॲडमिन राइट्स मात्र मी आजही देणार नाही, त्या दिवाळीची शपथ. निफाडकर, तुम्हांला हवे असलेले सॉफ्टवेअर बहुधा आमच्या यादीत असेल.

---

दावापावती | गुरुवार, दुपारी २.१५

‘कंपनीच्या तोंडून सरकार’ या मुद्द्यावर सर्वांत स्वच्छ उदाहरण राहून गेले म्हणून नोंदवते. आरोग्य सेतू ॲप २ एप्रिल २०२० रोजी आले. १ मे २०२० च्या आदेशात गृह मंत्रालयाने ते सरकारी आणि खासगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले आणि प्रत्येक कर्मचाऱ्याकडे ते आहे याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. संसदेने केलेला असा कोणताही कायदा नव्हता. आधार होता आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील आदेशाचा. टीका झाल्यावर १७ मे रोजी ‘शक्य तितका प्रयत्न करावा’ अशी भाषा आली. पण त्या सोळा दिवसांत फाटकावरचे सुरक्षारक्षक लोकांचे मोबाइल तपासू लागले होते, आणि आदेश सौम्य झाल्यावरही कित्येक ठिकाणी ती सवय मोडली नाही. अशा वेळी कर्मचारी कंपनीशी भांडतो, कंपनी आदेश दाखवते, आणि आदेश काढणारा त्या भांडणात कुठेच नसतो.

---

मृद्गंध | गुरुवार, रात्री ८.४०

दावापावती ताई, हे मान्य. पण निफाडकर दादांच्या हजेरीच्या ॲपमागे सरकार नाही ना? त्याचे खापर दिल्लीवर फोडता येणार नाही. ते त्यांच्या कंपनीने स्वतःच्या बुद्धीने आणले आहे, आणि तिथे मला पासबुक काकांची संघटना बरी वाटते. एकट्या माणसाने मालकाशी ‘स्वतंत्र करार’ करण्यापेक्षा चाळीस जणांनी मिळून केला तर त्याला स्वतंत्रतावादात जागा आहे का?

---

अर्थाअर्थी | गुरुवार, रात्री ९.२५

नक्कीच आहे. लोकांनी आपणहून एकत्र येऊन सौदा करणे हे स्वतंत्रतावादाच्या विरोधात कधीच नव्हते. शेतकरी संघटना म्हणजे तरी दुसरे काय होते? आक्षेप असतो तो सदस्यत्वाच्या सक्तीला आणि सरकारने एका बाजूला हातात काठी देण्याला. ऱ्हाइनकाठ यांच्या चौदा महिन्यांच्या वहीत ती काठी मला दिसते.

---

ऱ्हाइनकाठ | गुरुवार, रात्री ११.१०

काठी आहे, पण माझ्या मोबाइलमध्ये मालकाचे ॲप नाही. मी ही देवघेव रोज सकाळी करतो आणि बहुतेक दिवशी खूश असतो.

---

निफाडकर (धागाकर्ता) | पुढील मंगळवार, रात्री १०.०५

मंडळी, आठवडाभर गप्प होतो कारण आपल्या प्रतिसादांचा उपयोग करून पाहत होतो.

पासबुक काकांचा प्रश्न मी मनुष्यबळ विभागाला जसाच्या तसा विचारला: हे ॲप कशासाठी? उत्तर मिळाले की, फाटकावरचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र पावसाळ्यात ओल्या बोटांना ओळखत नाही आणि सकाळी रांग लागते. म्हणजे अडचण रांगेची होती आणि उपाय माझ्या दिवसभराच्या लोकेशनवर आला होता. मग मृद्गंध ताईंच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही त्रेचाळीस जणांनी एकच ईमेल केला. त्यात विरोध नव्हता, धमकी नव्हती. ‘कंपनीचे ॲप कंपनीच्या मोबाइलवर वापरण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत, तरी मोबाइल द्यावेत’ एवढीच विनंती होती. लेखा विभागाने त्रेचाळीस मोबाइलची किंमत काढली आणि ती थेट संचालकांच्या टेबलावर गेली.

काल सकाळी फाटकाशेजारी भिंतीवर एक टॅब्लेट बसवला आहे. आपला कर्मचारी क्रमांक टाकायचा, चार आकडी पिन टाकायचा, आत जायचे. सेल्फी नाही, लोकेशन नाही. वडिलांना फोनवर सांगितले तर म्हणाले, “म्हणजे मस्टरच की!”

सॉफ्टवेअरच्या तिकिटावर मी ‘व्यावसायिक गरज’ सविस्तर लिहिली: अकरा दिवस हाताने फाइली ताडून पाहण्यात किती तास गेले आणि ते तास ग्राहकाच्या बिलात का लावता येत नाहीत, त्याचा तक्ता जोडला. अर्थाअर्थी, ती खतावणी आपलीच कल्पना. तिकीट आता चौथ्या मंजुरीसाठी गेले आहे. पूर्वी तीनच होत्या. तक्त्यात पैशाचे आकडे असल्यामुळे त्यात वित्त विभागाची भर पडली आहे.

---

आगाऊ_कार्टे | पुढील मंगळवार, रात्री १०.११

माउस आला का हो?

---

सर्व्हरवाला | पुढील मंगळवार, रात्री १०.३०

निफाडकर, सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्याकडे त्याची सुरक्षा-तपासणी झालेली असेल तर तो अहवाल विभागप्रमुखांना विचारून पाठवतो, तुमच्या समितीपुढे ठेवा. विचारून म्हणालो, कारण त्यालाही मंजुरी लागते.